हौदापासून एकशे चाळीस पावले

रविवार, दि. ६ ऑक्टोबर १९८५
दुपारचे ३ वाजून १० मिनिटे

ती. आईस,
सा. न. वि. वि.

या क्षणी मी जुन्या शहरातल्या दगडी हौदाच्या कठड्यावर बसलो आहे आणि मांडीवर पुठ्ठा ठेवून हे पत्र लिहीत आहे. पुठ्ठा दुकानातला आहे, पण मालकांना विचारून आणला आहे. तू चिठ्ठीत लिहिलेस तसेच सगळे केले. कमानीतून आत शिरलो, डावीकडे वळलो, हौदाच्या तोटीकडे पाठ करून उभा राहिलो आणि समोरच्या गल्लीत चालत एकशे चाळीस पावले मोजली. मग परत येऊन पुन्हा मोजली. तिसऱ्यांदाही मोजली, कारण दुसऱ्या वेळी एक बाई बादली घेऊन आडव्या आल्या आणि माझे एक पाऊल आखूड पडल्याचा संशय आला. तिन्ही वेळा डाव्या हाताला तेच दार आले. त्याला लोखंडी कडी आहे. कडी सगळ्याच दारांना आहे म्हणा. हा भाग जुना म्हणून जपणारी एक समिती आहे, तिने सगळी दारे एकाच तपकिरी रंगाची आणि एकाच घाटाच्या कडीची करून टाकली आहेत.

दार बंद होते. कुणाचे नाव घेऊन चौकशी करायची नाही, गल्लीत माणसाआधी बातमी पोचते, अशी तुझी ताकीद होती. म्हणून कपडे वाळत घालणाऱ्या शेजारणीला फक्त एवढेच विचारले की इथे कोण राहते. ती म्हणाली, एकटेच गृहस्थ आहेत, साठीकडे झुकलेले, छत्र्या दुरुस्त करतात, आणि जन्मापासून याच गल्लीत आहेत. आई, मामाशी वय जुळते. एकटे आहेत हेही तुझ्या अंदाजाप्रमाणेच. पण तू तर म्हणाली होतीस की आजोबांचा धंदा ब्रश बनवायचा होता आणि मामाही तेच करत असेल. तेवढेच एक जुळत नाही. पुढे काय करू ते कळव.

बाकी ठीक. काचेच्या दुकानात आता मला लोकांच्या घरी खिडक्यांची मापे घ्यायला पाठवतात. मालक म्हणतात, तुझ्या मापात केस जायला जागा नसते. खोली धोबीखान्याच्या वर आहे, त्यामुळे भिंत उबदार असते. ही चांगली गोष्ट आहे. शनिवारी संध्याकाळी दुकान बंद झाल्यापासून आत्तापर्यंत मी त्या शेजारणीशीच काय ते बोललो. इथे शहर बघायला आलेल्या पाहुण्यांचे घोळके फिरतात, पुढे एक बाई झेंडा धरून चालते. त्यांतल्या एकाने माझाही फोटो काढला. त्याला मी इथलाच वाटलो असेन.

कळावे. तुझ्या गुडघ्याला शेक देत जा, आणि लोभ आहे तसाच राहू दे.

तुझा,
फुटपट्टी

•

शुक्रवार, ११ ऑक्टोबर

चि. फुटपट्टीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचताना मला शाळेच्या परीक्षकासमोर बसल्यासारखं वाटतं. शाळा आठवीत सोडलीस पण शाळेने तुला सोडलं नाही. तीनदा मोजलंस! लहानपणी पोळीसुद्धा तू पट्टी लावून वाटायचास, म्हणून तर हे नाव पडलं.

छत्र्यांचं वाचून मी एकटीच हसले. अरे, दादाला ब्रशाच्या केसांनी शिंका यायच्या. एकामागून एक आठ-आठ, नऊ-नऊ. बाबा ओरडायचे. म्हणजे शेवटी त्यानं तो धंदा सोडला तर! बरं केलं.

आता नीट ऐक. एकदम जाऊन मी तुमचा भाचा असं सांगायचं नाही. तो हळवा आहे आणि हळवी माणसं आधी दार लावतात. माझी ती छत्री तुझ्याकडे आहे ना, दोन काड्या मोडलेली? ती घेऊन जा. गिऱ्हाईक म्हणून जा. तो कसा आहे, खातो-पितो का, हसतो का, एवढं बघून ये.

तुला मी सगळं सांगितलेलं नाही. आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांची होते, तो चौदा. मला मावशीकडे पाठवायचं ठरलं, त्याला बाबांनी कामाला ठेवून घेतलं. निघायच्या दिवशी तो खाली आलाच नाही. माडीवर बसून राहिला. पुढे त्याची दोन पत्रं आली, ती मी न फोडता परत पाठवली. तिसरं आलं नाही. चव्वेचाळीस वर्षं झाली. तो रागावला असेल तर त्याचा हक्क आहे. पण रागावला आहे की नाही, एवढं मला कळायला हवं. तुझे बाबा गेल्यापासून घरात आवाज नाही, तेव्हापासून हेच डोक्यात फिरतं.

तुझा मफलर ट्रंकेत तळाशी आहे. गळ्याभोवती नाही, तळाशीच असणार, मला माहीत आहे.

आशीर्वाद आहेतच, लोभही आहे.

तुझी,
आई

•

रविवार, दि. २० ऑक्टोबर
रात्रीचे ८ वाजून ५ मिनिटे, खोलीवर

ती. आईस,
सा. न. वि. वि.

मफलर काढला. तळाशीच होता.

आज दोन वाजता छत्री घेऊन गेलो. जिना अरुंद आहे, चौदा पायऱ्या, सातवी सैल. वर एकच खोली. भिंतीवर उघड्या-मिटलेल्या छत्र्या टांगलेल्या, वटवाघळांसारख्या. त्यांनी माझी छत्री उघडली, तिच्यातून माझ्याकडे पाहिले आणि विचारले की ही पावसासाठी वापरता की पीठ चाळायला. मी म्हणालो, आईची आहे. तेव्हा ते म्हणाले, मग नीट करायला हवी, आयांच्या छत्रीला हसू नये, चुकले.

खातात-पितात. स्टोव्हवर बटाटे शिजत होते आणि त्यांतला एक त्यांनी मला मीठ लावून दिला. हसतातही. पाहुणे खिडकीखालून त्यांचे फोटो काढतात, म्हणून चहा पितानासुद्धा कॉलर सरळ करून बसावे लागते, असे म्हणाले. कुणाच्या तरी भिंतीवर आपण कप घेऊन लटकलो असणार, निदान नीटनेटके तरी लटकावे.

मी सहज विचारल्यासारखे करून विचारले, तुमचे घरचे कुणी? ते बराच वेळ काडीला तार गुंडाळत राहिले. मग म्हणाले, होते, सगळे गेले. या कमानीतून जाणारा माणूस मागे वळून पाहत नाही, कारण बाहेर उतार आहे आणि पायांकडे बघावे लागते. रागाने म्हणाले नाहीत. पण आई, ते म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही.

काड्यांचे पैसे विचारले तर म्हणाले, पुढच्या वेळी. त्यांच्या खिडकीची एक काच फुटलेली आहे, तिथे पुठ्ठा लावला आहे. मी माप घेतले, ४२ बाय ३१.५ सेंटीमीटर. येत्या रविवारी काच बसवून देईन. निघताना त्यांनी दोनदा विचारले, रविवारीच ना? दोनच वाजता ना?

कळावे. लोभ करतेसच.

तुझा,
फुटपट्टी

•

शनिवार, २६ ऑक्टोबर

चि. फुटपट्टीस,
अनेक आशीर्वाद.

उतार आहे म्हणून मागे बघत नाहीत! हे अगदी दादाचंच बोलणं. जिथे लागतं तिथे विनोद करून बाजूला सरकायचा. तुझं पत्र मी शेजारच्या काकूंना वाचून दाखवलं, त्यांनाही पटलं.

सोबत एक बंद पाकीट आहे, वर ‘दादास’ लिहिलंय. ते त्याच्या हातात दे आणि तू कोण ते सांग. त्यात काय आहे ते तुला सांगते, चोरून वाचायला नको: पत्रं परत पाठवली ती चूक माझी होती, नऊ वर्षांची चूक होती पण पुढची सगळी वर्षं मी ती मोठ्या बाईसारखी सांभाळली, तू रागावला नसशील तर कळव. एवढंच. चार वेळा लिहून चार वेळा फाडलं.

लोकरीचे पायमोजेही आहेत. त्याचे पाय कायम गार असायचे.

आणि एक सांग. खिडकीतून अजून हौद दिसतो का? दादाच्या मांडीवर बसून मी कुणाची बादली भरली, कुणाची राहिली ते मोजायची. मोजायची खोड तुला कुठून लागली ते कळलं ना? गाव विसरायला होईल या भीतीनं निघायच्या दिवशीसुद्धा मी दारापासून हौदापर्यंत पावलं मोजत गेले. तेच एकशे चाळीस.

पाकिटाला घडी पाडू नकोस. लोभ असू दे, माझ्यावर आणि त्याच्यावरही.

तुझी,
आई

•

रविवार, दि. ३ नोव्हेंबर
संध्याकाळचे ५ वाजून ४५ मिनिटे

ती. आईस,
सा. न. वि. वि.

पाकीट दिले. आधी वर्णन करतो, नाहीतर चुकेन.

ते काचेवरचे हाताचे ठसे पुसत होते. (काच मागच्या रविवारी बसवली, नेमकी बसली.) मी म्हणालो, मी खोटे गिऱ्हाईक आहे, माझी आई तुमची बहीण, तिने हे दिले आहे. ते माझ्याकडे पाहतच राहिले. मग खुर्चीत बसून त्यांनी पाकीट उघडले आणि वाचले. वाचून झाल्यावर चष्मा काढला, पुसला, घातला आणि पुन्हा वाचले. मी चौदा छत्र्या मोजल्या. शेवटी त्यांनी विचारले, ब्रशवाल्याची मुलगी ना ती? मी हो म्हणालो. ते उठून खिडकीशी गेले. पाठमोरेच राहून म्हणाले की तिला कळव, राग नाही. कधीच नव्हता. हे शब्द जसेच्या तसे लिही, असेही म्हणाले. लिहिले आहेत.

पायमोजे त्यांनी लगेच घातले नाहीत, टेबलावर ठेवून नुसता हात फिरवत बसले. मी आग्रह केला तेव्हा घातले. थोडे मोठे होतात.

मी त्यांना मामा म्हणालो. त्यांनी बटाटा सोलून दिला.

हौदाविषयी: खिडकीतून हौद दिसत नाही. मी मान बाहेर काढून पाहिले. समोरच्या घराचे धुराडे दिसते आणि गल्लीचे वळण. मध्ये नंतर काही बांधले असेल.

आई, आज खोलीवर परत येताना मला पहिल्यांदाच घाई नव्हती.

लोभ वाढावा.

तुझा,
फुटपट्टी

•

शनिवार, ९ नोव्हेंबर

चि. फुटपट्टीस,
आशीर्वाद.

राग नाही, कधीच नव्हता. हे मी किती वेळा वाचलं ते सांगत नाही. मंगळवारी दिवसभर काम सुचलं नाही. काकूंनी दूध उतू गेल्याचं ओरडून सांगितलं.

बुधवारी सकाळी मात्र तुझं ते धुराडं टोचायला लागलं. मध्ये बांधलं असेल म्हणतोस. पण गल्लीचं वळण आमच्या घराच्या पुढे होतं रे. आमच्या खिडकीतून हौद सरळ दिसायचा, मधे घर बांधायला जागाच नाही. तुला वळण खिडकीतून दिसतं म्हणजे तू वळणापाशी आहेस. मग मी अंगणात जाऊन एकशे चाळीस पावलं टाकून बघितली. कुंपण संपलं, काकूंचं परसू संपलं, मी रस्त्यावर पोचले. आणि मग खालीच बसले.

फुटपट्टी, मी नऊ वर्षांची होते. ती पावलं नऊ वर्षांच्या मुलीची होती. तू तुझ्या लांब टांगांनी मोजलंस आणि मलाही एवढ्या दिवसांत सुचलं नाही, कारण मनात मी अजून तेवढीच आहे त्या गल्लीत.

मग तो राग नाही म्हणाला, तो कोण? कुणाचा राग नाही?

भांडू नकोस. आधी जाऊन मोज. एक खूण सांगायची राहिली, मला ती खूण वाटलीच नव्हती: मी म्हणते ती कडी माझ्या हाताला लागायची. खाली होती.

आई

•

रविवार, दि. १७ नोव्हेंबर
दुपारचे १२ वाजून २० मिनिटे

ती. आईस,
सा. न. वि. वि.

चूक माझी आहे. मापाचे काम करणाऱ्याने कुणाचे पाऊल हे विचारायला हवे होते.

नऊ वर्षांच्या मुलीचे पाऊल सुमारे ५० सेंटीमीटर धरले, म्हणजे एकूण ७० मीटर. दुकानातली लांब टेप आणली होती. माझ्या पावलांनी ते ९३ भरले. वळणाच्या बरेच अलीकडे, छत्रीवाल्यांच्या दारापासून सात दारे आधी. त्या दाराला दोन कड्या आहेत. एक वर, इतरांसारखी. दुसरी जमिनीपासून ८४ सेंटीमीटरवर, जुनी, वेगळ्या घाटाची. मी गेला दीड महिना तिच्यावरून जात होतो.

दाराला समितीचे कुलूप आहे. पाटी आहे की लवकरच येथे तिकीटखिडकी.

दोन वाजता वर जाईन. काय बोलू ते ठरत नाही.

दुपारचे ४. जाऊन आलो. माझ्या हातातली टेप पाहिल्यावर ते म्हणाले, मोजलेस वाटते. मग त्यांनी एक पाकीट दिले, आधीच लिहून ठेवले होते. ते तसेच पाठवतो. मी खाली उतरताना ते सातवी पायरी सांभाळ म्हणाले. मी उत्तर दिले नाही, याचे आता वाईट वाटते.

फुटपट्टी

•

श्रीमती ताईंना,
स. न. वि. वि.

मी छत्रीवाला. तुमचा भाऊ नव्हे.

तुमचा भाऊ तीन वर्षांपूर्वी गेला. थंडीत, आठ दिवस छाती भरली आणि गेला. हे मी तुमच्या मुलाला पहिल्याच मिनिटाला सांगायला हवं होतं, पण त्याच्या तोंडाकडे बघून शब्द फुटला नाही. मग दुसऱ्या मिनिटाला उशीर झाला होता. खरं सांगायचं तर मला ते सांगायचंही नव्हतं. रविवारी दोन वाजता जिन्यावर पाय वाजतात, सातवी पायरी करकरते, याची सवय लागली. मी एकटा माणूस. हे कारण आहे, माफी नाही.

राग नाही हे मात्र मी मनानं रचलेलं नाही. तीस वर्षं आम्ही रोज संध्याकाळी त्याच्या पायरीवर बसायचो. ब्रश बनवायचा आणि शिंकायचा, शेवटपर्यंत. तुमचं नाव निघालं की बाकी सगळं बोलायचा, रागाचा शब्द कधी बोलला नाही. तुम्ही निघालात त्या दिवशी तो खाली आला नाही, कारण रडत होता आणि चौदा वर्षांचा होता. एवढंच.

समितीची माणसं ती खालची कडी काढायला आली, तेव्हा तो स्टूल घेऊन दारापुढे दोन दिवस बसला. मी त्याला म्हटलं, अरे वेड्या, बहीण आता आजी व्हायला आली असेल, तिचा हात वरच्या कडीला पोचतो. तर म्हणाला, ती लहान असताना गेली आहे. समितीवालेसुद्धा कडी तशीच ठेवून गेले.

त्यानं जाताना ही दोन पत्रं माझ्याकडे दिली. तुमचीच आहेत, तुम्ही परत पाठवलेली. फोडलेली नाहीत.

पायमोजे मी दोन आठवडे वापरले. धुऊन ठेवले आहेत, म्हणाल तेव्हा पाठवतो. तुमचा मुलगा चांगला आहे. काच अशी बसवली आहे की वारा येत नाही.

लोभ मागायचा मला अधिकार नाही.

•

रविवार, २४ नोव्हेंबर

चि. फुटपट्टीस,
अनेक आशीर्वाद.

पाच दिवस झाले. काकू स्वयंपाक करून देतात. मी बरी आहे.

पत्रांतलं एक फोडलं. पेन्सिलीनं लिहिलंय, अर्धं पुसट झालंय. मांजरीला तीन पिल्लं झाली, त्यांतलं एक तुझ्यासारखं रागीट आहे. आणि बाबा खालची कडी काढणार होते, आता उपयोग नाही म्हणाले, मी काढू दिली नाही. एवढंच. यावर मी रागावून बसले होते बघ.

दुसरं फोडलेलं नाही. ठेवलंय. सगळं एकदम संपवायचं नाही.

तुझ्या छत्रीवाल्यांवर मी दोन दिवस फार चिडले. तिसऱ्या दिवशी वाटलं, दादाविषयी बोलणारं माणूस जगात एकच उरलंय, आणि त्याचे पायही गार असतात. त्यांना सांग, पायमोजे परत नकोत. आणि त्यांच्याशी न बोलता उतरलास ते शोभलं नाही तुला.

मी येते. शनिवारी सात तारखेला निघून रविवारी आठ तारखेला सकाळी पोचेन. गुडघ्यासाठी पुढची जागा सांगितली आहे. मला स्वतःला मोजायचं आहे.

तुझी,
आई

•

रविवार, दि. १५ डिसेंबर
दुपारचे १ वाजून ३० मिनिटे, हौदाच्या कठड्यावर

ती. आईस,
सा. न. वि. वि.

तू सुखरूप पोचल्याचे पत्र मिळाले. धोबीखाना आठवडाभर बंद आहे, त्यामुळे भिंत गार झाली आहे. तू गेल्यावर खोली मोठी वाटते. मापाने ती तेवढीच आहे, २.७० बाय २.१०.

तू दाराशी उभी होतीस तेव्हा मागे वळून पाहिले नाहीस, म्हणून लिहितो. तू मोठ्याने मोजत आलीस. वाकून खालची कडी धरलीस आणि तीनदा वाजवलीस. मग थांबलीस, माडीवरून उतरायला माणसाला जेवढा वेळ लागतो साधारण तेवढी. तेव्हा छत्रीवाल्यांनी टोपी काढून हातात धरली होती आणि ते जमिनीकडे पाहत होते. झेंडावाली बाई घोळका घेऊन आली. एकाने फोटोसाठी कॅमेरा वर केला, तर छत्रीवाल्यांनी हातातली छत्री उघडून मधे धरली. ऊन नव्हते, पाऊसही नव्हता. तू कडी सोडून सरळ उभी राहीपर्यंत त्यांनी ती तशीच धरली. नंतर वर चहा पिताना तू त्यांना शिंकांची गोष्ट सांगितलीस आणि ते तुला दुसरी सांगत होते, तेव्हा मी खिडकीबाहेर पाहत होतो, पण ऐकत होतो.

तिकीटखिडकीचे काम उन्हाळ्यात सुरू होईल असे कळते. मी समितीच्या कचेरीत जाऊन खालच्या कडीसाठी अर्ज दिला आहे. त्यात कारण लिहायचा रकाना होता. मी ‘लहान उंचीच्या व्यक्तींसाठी’ असे लिहिले.

कळावे. जेवणाच्या वेळा पाळ. लोभ आहेच, आता दोन ठिकाणी आहे.

तुझा,
फुटपट्टी

ता. क. नोंद, हौदापासून खालच्या कडीपर्यंत:
तुझी तेव्हाची पावले, १४०.
माझी, ९३.
तुझी मागच्या रविवारची, १२६. (दोनदा थांबलीस, ते धरलेले नाही.)
खर्च: काच तुकड्यातली, मालकांनी काही घेतले नाही.
देणे: छत्रीच्या दोन काड्यांची मजुरी. चार वेळा पुढे केली, चारही वेळा पुढच्या वेळी म्हणाले. आज पुन्हा नेत आहे, दोन वाजता.